फक्त कोरड्या हवेसाठी

"डॉक्टर विमल घाटोळे वारल्या, त्याला किती वर्षं झाली हो?" असं विचारणारा फोन मीच उचलला.

"अजून वारायच्या आहेत," मी म्हटलं. "बोला, काय काम काढलं?"

पलीकडचा माणूस गडबडला. मग म्हणाला, "माफ करा हां. तुमच्या उष्माघातावरच्या पेपरचा इतक्या लोकांनी दाखला दिलेला दिसला की वाटलं, लेखिका जुन्या जमान्यातली असणार. जिवंत आहात ते बरंच झालं. शिव्या घालायला माणूस तरी मिळालं."

तो डॉक्टर उल्हास खोबरेकर. सिंधुदुर्गात समुद्राकाठच्या एका लहानशा सरकारी रुग्णालयातला एकुलता एक डॉक्टर. मी नागपुरात, संशोधन संस्थेतल्या माझ्या खोलीत. समोर हेमराज मडावी बसला होता, माझा जुना विद्यार्थी आणि त्याच पेपरचा सहलेखक. त्या सकाळीच आमच्या पेपरनं सहा हजार दाखल्यांचा टप्पा ओलांडला, म्हणून पोट्टा संत्रा बर्फी घेऊन आला होता. एक तुकडा माझ्या तोंडात होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काल माझ्याकडे उष्माघातानं दोन बाया गेल्या," खोबरेकर म्हणाला. "मासळी सुकवणाऱ्या. घरच्यांनी लगेच अॅम्ब्युलन्सला फोन केला होता. सूत्रानं गाडी सोडलीच नाही. रुग्णाला हलवू नका, ओल्या चादरीत गुंडाळा, पंखा लावा, अर्ध्या तासानं पुन्हा कळवा. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कळवायला बाई उरली नाही. आधार काय म्हणून मी विचारलं, तर तुमचा पेपर दाखवला. बाई, तुम्ही कधी कोकण बघितलंय काय?"

मी तोंडातली बर्फी कागदात काढून ठेवली.

सूत्र म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी आहे. आरोग्यावर जगात रोज हजारो पेपर छापून येतात. ते वाचायला कोणत्या डॉक्टरला वेळ आहे? म्हणून सरकारनं हे यंत्र बसवलं. ते सगळं वाचतं, त्यातून नियम काढतं आणि थेट खाली पाठवतं, दवाखान्याला, औषधांच्या भांडाराला, अॅम्ब्युलन्सला. कोणत्या पेपरवर किती विश्वास ठेवायचा ते दाखल्यांवरून ठरतं. दुसऱ्या संशोधकानं तुमच्या पेपरचा आधार घेतला की तुमचा एक दाखला वाढला, आम्ही त्याला सायटेशन म्हणतो. जितके दाखले तितकं वजन. आणि माणसानं मध्ये हात घालायचा नाही. पूर्वी साहेब लोक घालायचे, कंपन्या त्यांना घालायला लावायच्या, म्हणून तो हातच तोडून टाकला. तशी शिफारस करणाऱ्या समितीत मी होते आणि आजही म्हणते, बरोबर केलं.

आता आमचा पेपर. हेमराज चंद्रपूरकडच्या वीटभट्ट्यांवर सलग दोन उन्हाळे राहिला होता. तेव्हा तिकडे अॅम्ब्युलन्स म्हणजे तापलेला पत्र्याचा डबा. उष्माघात झालेल्या माणसाला त्यात कोंबून तासभर नेलं की तो वाटेतच शिजायचा. हेमराजनं दाखवून दिलं, की माणूस शुद्धीवर असेल तर जागच्या जागी ओल्या चादरीत गुंडाळून वारा घाला, गाडीची घाई करू नका, तो लवकर सावरतो. त्याचा नियम झाला. माणसं वाचली. त्या पेपरात खोटं एक अक्षर नाही.

पण माणूस सावरतो काहून? पाणी वाळताना अंगातली उष्णता ओढून नेतं. आपला घाम तेच करतो आणि आमचा नागपूरचा कूलरही तेच करतो. मात्र पाणी वाळायला हवा कोरडी पाहिजे. चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसवर असला तरी हवा अशी, की दोरीवरची चादर बघता बघता खडखडीत. कोकणात पारा सदतीसच असेल, पण हवेतच इतकं पाणी भरलेलं की आणखी घ्यायला तिला जागा नाही. तिथं ओली चादर ओलीच राहते, अंगाला चिकटते आणि आतला माणूस तापत जातो. मग पंखा लावा नाहीतर आरती ओवाळा.

"पण 'हे निष्कर्ष फक्त कोरड्या हवेसाठी आहेत' असं आम्ही लिहिलंय," हेमराज फोनकडे वाकून म्हणाला. "नवव्या पानावर आहे."

"नववं पान कोण वाचतो, साहेब?" खोबरेकर म्हणाला. "उद्या दुपारी इथली हवा कालच्याहून वाईट आहे, रेड अलर्ट दिलाय. मी माझ्या गाडीतून माणसं आणतोय. जेटीवरचा मासळीचा बर्फ त्यांच्या काखेत भरतोय. पण एवढी गावं आणि मी एकटा. मला गाड्या पाहिजेत. उद्या सकाळपर्यंत. पेपर तुमचा आहे, तुम्ही निस्तरा."

त्यानं फोन आपटला. बरोबर केलं. मी त्याच्या जागी असते तर आणखी चार शिव्या हासडल्या असत्या.

आम्ही दोघं दाखल्यांची साखळी उलगडायला बसलो. पेपरच्या सुरुवातीला दोनशे शब्दांचा सारांश असतो, जग तेवढाच वाचतं. त्या सारांशात कोरड्या हवेचा शब्दही नव्हता. लिहिणारे दोघंही विदर्भातले! उन्हाळा म्हटलं की कोरडाच. पाणी ओलं असतं असं कोणी मुद्दाम लिहून ठेवतं का? मग एका परदेशी विद्यापीठानं आमचा सारांश वाचून लिहिलं, 'भारताच्या उष्ण भागांत'. त्यांच्या आधारानं दुसऱ्यानं लिहिलं, 'उष्ण देशांत'. तिसऱ्या दीडशहाण्यानं 'सर्वत्र' करून टाकलं. लहान पोरं कानगोष्टी खेळतात ना, अगदी तसं. पुढच्यांनी तिसऱ्याला वाचलं आणि दाखला मात्र आमचा दिला. सूत्रापुढे सहा हजार ठिकाणी एक गोष्ट आणि एका ठिकाणी तिची अट. यंत्रच ते, त्यानं बहुमत घेतलं.

"आपण दुरुस्ती पाठवू," हेमराज म्हणाला.

पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं. सूत्राचा आवाज मेला साखरेत घोळलेला. "नमस्कार, विमलताई. आपली दुरुस्ती मिळाली. तिचे दाखले शून्य असल्यानं सध्या तिला वजन नाही. दाखले वाढताच नियमात बदल होईल."

"म्हणजे माझ्याच पेपरबद्दल माझ्यापेक्षा सहा हजार परके जास्त खरे?"

"आपल्या भावना समजू शकते," ते म्हणालं.

समजू शकते म्हणे! मी आरोग्य सचिवांना फोन लावला. त्यांनी कळवतो म्हटलं, म्हणजे काय ते आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. पेपर मागे घ्यावा, तर प्रामाणिक चुकीसाठी मागे घेतलेल्या पेपरची तीन आठवडे चौकशी होते. तेही रास्तच, नको असलेले पेपर कंपन्या धाक घालून मागे घ्यायला लावायच्या. सगळी दारं आम्ही चांगल्या कारणांसाठी बंद केली होती, आणि आता आत आम्हीच अडकलो होतो.

एक दार उघडं होतं. लेखकानं स्वतः कबूल केलं, की आकडे बनावट आहेत, तर पेपर त्याच क्षणी बाद. त्याच्यावर उभे असलेले सहा हजारही त्याच्यासोबत आडवे आणि त्यांच्यातून निघालेला नियमही रद्द. मग जुना नियम परत लागू होतो, की उष्माघाताचा फोन आला की गाडी सोडा. आताच्या गाड्या थंड असतात, जुना नियम आज कोणाला मारत नाही.

हे मी मोठ्यानं बोलले तसा हेमराज उभाच राहिला.

"मॅडम, ते आकडे मी घेतलेत. भट्टीवर, माझ्या हातानं. एक आजोबा ताप मोजता मोजता माझ्या मांडीवर गेले. त्यांचा आकडा आहे त्यात. तो खोटा म्हणायचा?"

"तू नको म्हणू. मी म्हणते. मी तुझ्या नकळत फेरफार केला, असं सांगते. तुझ्या नावाला डाग नाही लागत."

"आणि तुमच्या?"

"माझं काय, मी दोन वर्षांत रिटायर होते."

"तुमचे सगळे पेपर जातील, मॅडम. लेखक खोटारडा ठरला की त्याचं सगळंच शून्य होतं. भट्टी कामगारांच्या दुपारच्या सुट्टीचा पेपर, पाण्याचा पेपर..."

"दुपारच्या सुट्टीचा कायदा झालाय. तो आता माझ्या नावावर जगत नाही. आणि चंद्रपूरच्या बाया काय सूत्राला विचारून चादर भिजवतात? त्यांच्या हाडीमाशी भिनलंय ते."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडे पाठ. परवा दिल्लीत त्याची मुलाखत होती. गडचिरोलीत उष्माविकारांचं मोठं केंद्र उभं राहायचं होतं, आणि त्याच्या प्रमुखपदासाठी शेवटच्या तिघांत तो होता. त्याच्या मुलखातलं केंद्र, त्याच्या माणसांसाठी. त्याच्या अर्जात जड असं काही होतं तर हाच पेपर.

"लोक आधीच म्हणतात," तो तसाच पाठमोरा बोलला, "मडावीला मॅडमनं सगळं लिहून दिलं. उद्या म्हणतील, तेही खोटं लिहून दिलं."

"म्हणतील."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं रे! वाटत नाही काहून? आतडं तुटतंय माझं. पण उद्या दुपारी तिथं कोणी मासळी पसरता पसरता पडली, आणि घरच्यांनी तिला आपल्या पेपरात गुंडाळून मारली, तर मग काय वाटेल?"

तो बाहेर निघून गेला. दार मात्र हळूच लावलं. संतापलेल्या माणसानं दार आपटावं, म्हणजे निदान बरं वाटतं.

मी कबुलीचं पान उघडलं.

"विमलताई, कोणते आकडे बनावट आहेत?" सूत्रानं विचारलं.

आता आली का पंचाईत! तीस वर्षं मी पोरांना शिकवत आले, की आकड्याला हात लावाल तर याद राखा. आणि आता कुठे हात लावला, ते मला बनवून सांगायचं होतं. मी ठोकून दिलं, की दुसऱ्या उन्हाळ्यातली रुग्णांची तापमानं मी इथं नागपुरात बसून भरली.

सूत्र म्हणालं, "त्या दिवसांची उपग्रहाची नोंद, भट्ट्यांची हजेरी आणि दवाखान्यांतल्या भरतीचे आकडे तपासले. आपली तापमानं सगळ्यांशी जुळतात. बनावट आकडे इतके जुळत नाहीत. आपला पेपर खरा असल्याची शक्यता फार मोठी आहे."

कपाळ माझं! इतक्या वर्षांत माझ्या कामाची इतकी कसून तपासणी कोणी केली नव्हती, आणि केली तेव्हा मी पहिल्या नंबरानं पास झाले. दुसरा कोणताही दिवस असता तर मी गावजेवण घातलं असतं.

"पण मी म्हणतेय ना, खोटं आहे!" मी ओरडले.

"एका लेखकाची कबुली पुराव्याशी विसंगत असेल, तर सहलेखकाचा दुजोरा लागतो. दोघांचं म्हणणं एक असेल, तर नियमाप्रमाणे ते अंतिम."

मी डोकं धरून बसले. हेमराजला वगळून हे उरकायचं म्हणून तर सगळा खटाटोप. आता त्याच्याच तोंडून वदवायचं, की माझी बाई चोर आहे. ते मी कोणत्या तोंडानं मागणार?

मागावं लागलं नाही. तो दारात उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे, पण त्यानं सगळं ऐकलं होतं. डोळे लाल. हातात फोन.

"खोबरेकरांना लावला होता," तो म्हणाला. "त्यांनी उचलला नाही, नर्सनं उचलला. आजची एक पोरगी आहे त्यांच्याकडे, एकोणीस वर्षांची. शुद्ध नाही. घरच्यांनी तीन तास चादर बदलली, मॅडम. सांगितलं तसंच सगळं केलं बिचाऱ्यांनी."

तो माझ्या शेजारी बसला आणि त्यानं कीबोर्ड ओढला. लिहिलं, 'आम्ही दोघांनी मिळून आकडे...'

मी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. "भैताडा! दोघं बुडालो तर गडचिरोलीला कोण जाईल? पूस ते. लिही, मॅडमनं मला अंधारात ठेवलं."

"माझ्यानं नाही होणार."

"होईल. मी सांगते, तू लिही. गाइड आहे मी तुझी. अजून दहा मिनिटं तरी आहे."

तो रडत रडत लिहीत होता आणि मी शब्द सांगत होते. लिहून झाल्यावर त्यानं पुन्हा वाचलंही नाही, पाठवून दिलं. सूत्रानं त्याला एकच विचारलं, "हे खरं आहे?" तो म्हणाला, "हो." आमच्या पोट्ट्याला खोटं बोलता येत नाही, पण यंत्राला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"धन्यवाद," सूत्र म्हणालं. "पेपर बाद करण्यात आला आहे. पुढे यापैकी कोणतीही कबुली खोटी असल्याचं कोणीही कळवलं, तर पेपर तत्काळ पूर्ववत होईल."

म्हणजे तोंडाला कुलूप. आज तिकडे दमट हवेसाठी वेगळा नियम आहे, खोबरेकरनंच नंतर त्यावर पेपर लिहिला, म्हणून हे बोलता येतंय. तेव्हा आईलासुद्धा सांगायची सोय नव्हती.

पडद्यावर माझं पान उघडंच होतं. माझे एकेक पेपर करडे होत गेले. कुपोषणाचा, ज्यासाठी मी मेळघाटात दोन पावसाळे काढले तो. पाण्याचा. अगदी पहिला, लग्नानंतर तीन महिन्यांत छापून आलेला, ज्याची प्रत आमच्या ह्यांनी नातेवाइकांत वाटली होती. सगळ्यांपुढे शून्य. मला राग आला, इतका की ते यंत्र उचलून फेकावंसं वाटलं. हेमराजनं पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी सगळीकडे होती. संचालक स्वतः आले नाहीत, शिपायाच्या हाती निरोप पाठवला, की खोली रिकामी करा. जिन्यात एक प्राध्यापक भेटले. काल त्यांनीच माझ्या बर्फीचे दोन तुकडे उचलले होते. आज त्यांना एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचावंसं वाटलं. ठीक आहे, माणूस आहे. मी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली. हेमराज मदतीला आला. मी म्हटलं येऊ नको, लोक बघतील. तो म्हणाला, बघू द्या.

"उद्या मुलाखतीत विचारतील," तो दोरी बांधता बांधता म्हणाला. "घाटोळे मॅडमबद्दल काय सांगाल म्हणून."

"सांग, बाई चोर होती. मला माहीत असतं तर जवळ उभा राहिलो नसतो. डोळे खाली नको घालू, समोर बघून सांग."

दुपार झाली होती. तिकडे काय चाललं असेल या एका विचारानं जीव टांगणीला लागला होता. फोन करायची सोय नव्हती; चोरानं कोणत्या नात्यानं चौकशी करायची? आणि मग खोबरेकरचाच फोन आला.

"काल मी तुम्हाला शिव्या दिल्या, त्या कमीच दिल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, बाईंची चूक झाली असेल. माणूस चुकतो. पण तुम्ही आकडे बनवलेत? घरात बसून? तुमच्या खोट्या आकड्यांपायी माझ्या दोन बाया गेल्या, कळतंय का? त्यांची पोरं माझ्या दाराबाहेर बसलीत!"

"डॉक्टर, ऐका..." हेमराज फोनवर झेपावला. मी दुसऱ्या हातानं त्याचं तोंड दाबलं. घट्ट.

"गाड्या आल्या का?" मी विचारलं.

"काय?"

"आज. गाड्या आल्या का तुमच्याकडे?"

"आल्या. सकाळपासून येतायत."

"माणसं?"

"एकतीस आणली. एकतीसच्या एकतीस जिवंत आहेत. कालची पोरगीसुद्धा आज बोलली." त्यानं घसा खाकरला. क्षणभर तो नुसता थकलेला माणूस होता. मग पुन्हा आवाज चढला. "पण त्याचं तुम्हाला काय? आयुष्यात पुन्हा एक ओळ छापायला धजू नका. माझ्यासारखा एखादा डॉक्टर ती खरी मानेल."

"नाही छापणार," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला. मी हेमराजच्या तोंडावरचा हात काढला. हात ओला झाला होता.

"एकतीस," मी म्हटलं. "ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पण हे कुठे नोंदवायचं, मॅडम?"

"कुठंच नाही," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.